लेकरू कोणत्या शाळेत घालावे?



आपल्या वऱ्हाडात उन्हाच्या कडाक्यामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पण शाळेची काळजी घरोघरी उन्हाळ्याआधीच लागते. अकोला असो, अमरावती असो, मूर्तिजापूर की दर्यापूर, विहारात वंदना आटोपली की नव्याने दीक्षा घेतलेले मायबाप हाच प्रश्न काढतात. मुलाला मिशनच्या शाळेत घालावे, एखाद्या संस्थानाच्या ट्रस्टच्या शाळेत घालावे, की जिल्हा परिषदेच्या शाळेतच ठेवावे? (आपल्याकडे टाय लावून इंग्रजी नर्सरी चालवणाऱ्या कोणत्याही शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणण्याची रीत आहे. तिथे ना सिस्टर असते, ना चर्च. तेव्हा नावावर जाऊ नका.) आणि लगेच पुढचा प्रश्न येतो : घरी आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि लेकरू रोज सकाळी शाळेत दुसऱ्याच देवापुढे हात जोडते, याने आपला धम्म बाटणार नाही का?

बाटणे हा शब्दच आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला मागे टाकून आलो आहोत. स्पर्शाने जो बाटतो तो धर्म आपल्याला नको होता म्हणून तर आपण बाहेर पडलो. महात्मा फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत; तेथे त्यांना विचारण्याची सवय लागली, आणि त्याच सवयीने १८४८ साली मुलींची शाळा निघाली. उलट पू. बाबासाहेब साताऱ्याला सरकारी शाळेत होते, मिशनच्या नव्हे. त्या सरकारी शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून वेगळे बसावे लागले, पाण्याला हात लावता आला नाही. म्हणजे शाळा सरकारी आहे एवढ्यावरून ती न्यायाची ठरत नाही आणि मिशनची आहे एवढ्यावरून ती परकी ठरत नाही.

मात्र त्या गोणपाटावर बसलेल्या मुलाने पुढे जी घटना घडवली, तिच्यात तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. कलम २८ पाहा. जी संस्था पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा, नगरपालिकेची शाळा यांना हे लागू आहे. आणि जी संस्था शासनमान्य आहे किंवा अनुदान घेते, तिथे कोणाही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर वाद झाला तेव्हा बाबासाहेबांनी सर्वांच्या करातून एका धर्माचे शिक्षण कसे द्यायचे, हाच मुद्दा मांडला होता. हे कलम नुसते कागदावर नाही. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या बौद्ध शिक्षकाला त्रास झाला. तो उच्च न्यायालयात गेला, आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्यावर अशी सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला.

तेव्हा मूल कोणत्याही शाळेत असो, तुम्ही मुख्याध्यापकांना साध्या मराठीत चार ओळींचे पत्र देऊ शकता की आमची संमती नाही. भांडू नका. मुलालाही सांगा की इतर मुले प्रार्थना म्हणत असताना शांत उभे राहायचे, हसायचे नाही, कोणाच्या देवाची टिंगल करायची नाही. प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत, शेजारच्या बाकावरच्या मुलाने नव्हे.

प्रार्थनेचा प्रश्न असा सुटतो. पण माझ्या मते खरा प्रश्न तो नाहीच. मला अधिक बोचते ते दुसरेच. कितीतरी बौद्ध घरांत मुलगा इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसतो आणि त्याची सख्खी बहीण पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. का, तर फी एकाचीच परवडते. सिगालोवाद सुत्तात मायबापांची जी कर्तव्ये सांगितली आहेत त्यांत अपत्याला विद्या-शिल्प शिकवणे हे एक आहे. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले त्यांची तसबीर भिंतीवर लावून त्याच भिंतीखाली ही वाटणी होते! एकाच मुलाची फी भरण्याइतका पैसा असेल तर दोघांना जिल्हा परिषदेत घाला आणि तो पैसा दोघांच्या पुस्तकांवर, शिकवणीवर खर्च करा. शाळेतल्या प्रार्थनेने तुमच्या मुलाचे जेवढे बिघडेल त्याहून अधिक, बहिणीचा वाटा आपल्याला मिळाला हे पाहून बिघडेल.

जिल्हा परिषदेची शाळा चांगली नसते असे तुम्ही म्हणाल. काही ठिकाणी ते खरे आहे. जिथे दोन वर्गांना एक शिक्षक आहे तिथे मूल ठेवा असे मी कोणालाही सांगणार नाही. पण आधी त्या शाळेत जाऊन पाहिले का? शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. आपल्या किती उपासिका त्या समितीच्या बैठकीला जातात? १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी सांगितले होते की पैसा रयतेचा आहे, तो रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर आधी खर्च व्हावा. त्या शाळेतून वर आलेले आपणच तिला सोडून गेलो, तर तिथे शेतमजुरांची, पारध्यांची, विटाभट्टीवरच्या मायबापांची लेकरे उरतील, आणि त्यांच्या वतीने अर्ज लिहिणारा कोणी उरणार नाही.

त्याच कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ते बंधन नाही. २०२४ साली राज्य शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेजवळच्या खाजगी शाळांना सूट देऊ पाहिली, ती उच्च न्यायालयाने रद्द केली. हा हक्क आहे, उपकार नव्हे. जवळची शाळा खरोखर निकामी असेल तर तो जरूर बजावा.

कोणी म्हणतात, आपली बौद्धांचीच शाळा काढावी. काढावी, पण कशी? बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, महाविद्यालयांना सिद्धार्थ, मिलिंद अशी नावे दिली आणि दारे सर्वांना उघडी ठेवली. आपल्या अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. ज्या शाळेत फक्त आपलीच मुले बसतील ती शाळा, कितीही चांगली असली तरी, पुन्हा वेगळे गोणपाट होईल अशी मला भीती वाटते.

आणि धम्म कोण शिकवणार? राहुलाला भगवंतांनी स्वतः शिकवले, तेही बालवयात. पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते दाखवून, मग ओतून टाकून, मग भांडे पालथे करून त्यांनी समजावले की जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य असेच रिते असते. आता आपल्या घरात पाहा. शाळेचा अर्ज भरताना 'धर्म' या रकान्यापाशी कितीतरी वडिलांचा हात थबकतो. घरी त्रिशरण-पंचशील आणि अर्जावर 'हिंदू', कारण सवलत जाईल, किंवा शाळावाले नाक मुरडतील. सवलतीची भीती आता निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेत. जातीच्या रकान्यात जात-प्रमाणपत्राप्रमाणेच लिहा, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा. एकदा शाळेच्या रजिस्टरात चुकीचे गेले की पुढे दाखल्यात तेच उतरते आणि दुरुस्तीला वर्षे जातात. म्हणून यंदा अर्ज घरी आणाल तेव्हा लेकराला जवळ बसवा, त्याला अक्षर येत असेल तर तो रकाना त्याच्याच हाताने लिहू द्या, आणि 'बौद्ध म्हणजे काय' असे त्याने विचारले तर जेवण थोडे उशिरा झाले तरी चालेल.