गाळलेली नऊ मिनिटं

मागच्या वर्षी श्रावणात धुळ्याहून आत्याचा फोन आला. नातवाने तिला एक लहानसा स्पीकर घेऊन दिला होता, मागच्या बाजूला पेन ड्राइव्ह खोचायची खाच असलेला. "भाऊकडची गाणी दे ना त्यात भरून," ती म्हणाली. "सगळी नको, चांगली चांगली दे."

भाऊ म्हणजे माझे वडील, अण्णा. त्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जळगावच्या घरात त्यांचा कॉम्प्युटर जागेवरच होता आणि त्यात नऊ हजारांवर गाणी होती. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी घरातल्या कॅसेटी आणि सीड्या एकेक करून त्यात उतरवल्या होत्या. मला वाटलं, संध्याकाळच्या तासाभराचं काम आहे. पण "चांगली चांगली" या दोन शब्दांनी माझे तीन रविवार घेतले, आणि त्यातून निघालेला एक प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

जागेची अडचण नव्हती. 16 जीबीच्या पेन ड्राइव्हवर साधारण तीनेक हजार गाणी मावतात. पूर्वी साठ मिनिटांच्या कॅसेटवर दहा-बारा गाणी बसायची. दुकानदाराला यादी द्यायची आणि यादीतलं एखादं गाणं जागेअभावी सुटायचं. तेव्हा निवड कॅसेट करायची. आता ती माणसाला करावी लागते. आत्याच्या स्पीकरला पडदा नाही, पुढे आणि मागे अशी दोन बटणं आहेत. तिच्यापुढे तीन हजार गाणी ओतणं म्हणजे गोणी उपडी करून "यातली तुझी तूच वेच" म्हणण्यासारखं झालं असतं. शिवाय असले स्वस्त स्पीकर पुष्कळदा गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत. ज्या क्रमाने ती कॉपी झाली, त्या क्रमाने वाजवतात. म्हणजे आधी काय आणि मग काय, हेही मीच ठरवायचं.

पहिल्या खेपेला फजिती झाली. अण्णांच्या कॉम्प्युटरवर मी नीट यादी केली, यादीची फाइल पेन ड्राइव्हवर टाकली आणि एरंडोल-पारोळा करत एसटीने धुळ्याला गेले. स्पीकर मुका. यादीत फक्त पत्ते होते, कोणतं गाणं अण्णांच्या डिस्कवर कुठे ठेवलंय त्याचे. पत्ते धुळ्याला पोचले होते, गाणी जळगावातच राहिली होती. आत्या हसली, जेवायला वाढलं, आणि "पुढच्या वेळी आण" म्हणाली.

दुसऱ्या खेपेसाठी बसले तेव्हा आधी हक्काचा प्रश्न समोर आला. संग्रहातली बहुतेक गाणी विकत घेतलेल्या कॅसेट-सीड्यांवरची होती. पण शेवटच्या काही वर्षांत अण्णा स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड "भरून" आणायचे. थोडे पैसे दिले की दुकानदार शेकडो गाणी ओतून द्यायचा, आणि त्यातला एक रुपयाही गाणाऱ्याकडे जात नसणार. 1957चा आपला कॉपीराइट कायदा खासगी वापराला काही सवलत देतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे आत्याच्या आवडीची 1950च्या दशकातली मुद्रणं त्या हक्कातून सुटली आहेत. पण शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे त्याच गाण्यावर तो अजून शिल्लक असू शकतो. मी एक सोपा नियम केला : विकत घेतलेल्यातूनच निवडायचं, कार्डावरचं काही घ्यायचं नाही. नियम केल्यावर बरं वाटलं. या बरं वाटण्याकडे मला शेवटी परत यायचं आहे.

मग मनात आलं, मी आत्याला हे नेमकं देतेय काय? देण्याची आपली कल्पना कमी होण्याशी बांधलेली आहे. भाकरीतली अर्धी दिली तर आपल्या ताटात अर्धी उरते. विद्या दिल्याने कमी होत नाही म्हणतात, पण शिकवणाऱ्याचे तास जातात. गाणं कॉपी करायला दोन-चार सेकंद लागतात, अण्णांच्या डिस्कवरचं गाणं जसंच्या तसं राहतं आणि पेन ड्राइव्हवरचंही अगदी तेच असतं. माझं काहीच गेलं नाही, तर मी दिलं असं कसं म्हणू? बराच विचार केल्यावर एवढंच सापडलं की माझ्याकडून गेलं ते ऐकणं. आत्याला काय आवडेल, काय ऐकून तिला रात्री झोप लागणार नाही, हे मनात धरून मी तीन रविवार गाणी ऐकली. निवड हेच देणं होतं. आणि मग जे मी निवडलं नाही, त्याचाही हिशेब माझ्याकडेच लागतो.

तिसऱ्या रविवारी एका फोल्डरमध्ये दोन फाइली दिसल्या : "माय ओव्या मूळ" आणि "माय ओव्या साफ".

माय म्हणजे माझी आजी. 1991च्या उन्हाळ्यात, पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी, धाकट्या काकाच्या लग्नाची हळद जात्यावर दळताना अण्णांनी टू-इन-वनवर केलेलं ते रेकॉर्डिंग. पुढे त्यांनी टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून ते उतरवून घेतलं आणि ऑडॅसिटीत बसून साफ केलं. लहानपणापासून आम्ही घरात साफ प्रतच ऐकत आलो होतो. वीस मिनिटं, जात्याची घरघर आणि आजीचा एकटीचा आवाज. मूळ प्रत मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मूळ प्रत नऊ मिनिटांनी मोठी आहे. त्या नऊ मिनिटांत दोन आवाज आहेत. आजी ओवी धरते, आत्या पुढची ओळ उचलते. आत्याचा आवाज चिरका आहे, आजीच्या जरा पुढेच पळतो. नववं मिनिट सरता सरता अण्णांचा आवाज येतो, टेपच्या अगदी जवळून : "तू गप बस गं. मायचा आवाज नीट येऊ दे." जातं क्षणभर थांबतं. पुन्हा फिरू लागतं. तिथून पुढे कॅसेटची बाजू संपेपर्यंत आजी एकटी गाते.

त्या वर्षी आत्या सासरहून परत आली होती आणि काही महिने माहेरीच होती. घरात तिला तेव्हा पुष्कळ बाबतींत गप बसायला सांगितलं जात होतं, हे मला फार पुढे कळलं. अण्णा वाईट माणूस नव्हते. आजीचा आवाज राहावा म्हणून गावात टेप घेऊन जाणारे आमच्या घरात ते एकटेच. पण साफ करताना त्यांनी एकाच कापात दोन गोष्टी काढून टाकल्या, बहिणीचा आवाज आणि तिला गप बसवणारा स्वतःचा आवाज. लाज वाटून काढल्या की नुसतंच चिरकेपण नको म्हणून, हे विचारायला आता ते नाहीत.

आता मी काय पाठवायचं? साफ प्रत पाठवली तर अण्णांची अब्रू राहते आणि आत्याला तिची माय ऐकायला मिळते. मूळ पाठवली तर चौतीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य तिच्या स्वयंपाकघरात पुन्हा वाजतं. तिसरी वाटही होती, आणि मोह तिचाच पडला. दोन आवाजांची नऊ मिनिटं ठेवायची, नंतरची वीसही ठेवायची, मधलं वाक्य तेवढं कापायचं. दोन मिनिटांचं काम. सांधा कळलासुद्धा नसता.

मी ते करून पाहिलं. ऐकताना मात्र भलतंच घडलं. वाक्य गेल्यावर आत्या आपणहून गप्प झाल्यासारखी वाटू लागली. जणू कंटाळली, किंवा ओव्या विसरली. कापल्याने अण्णा तर सुटले, पण दोष सरकून तिच्यावर जाऊन बसला. मी ती प्रत पुसून टाकली.

या कामात मी एकटी नाही हे आठवून थोडा धीर आला. आमच्या खानदेशात दुसऱ्याचा आवाज उतरवून घेणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने टिपून ठेवली. 1951मध्ये बहिणाबाई गेल्या, आचार्य अत्र्यांनी ती वही पाहिली, आणि 1952मध्ये पुस्तक आलं. जेवढी टिपली गेली तेवढी उरली. ज्या सुरात त्या ती म्हणायच्या, तो सूर पुस्तकात येऊ शकत नाही. 1932मध्ये धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार विनोबा गीतेच्या अठरा अध्यायांवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. आज आपण 'गीता प्रवचने' वाचतो ती गुरुजींच्या हातातून आलेली. आणि धुळ्यातच जे वारले, त्या राजवाड्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढताना त्यांचा भर मूळ कागद लोकांसमोर ठेवण्यावर होता. जुने कागद छापणारे संपादक एक साधी शिस्त पाळतात : कागद जिथे फाटला असेल, अक्षर लागत नसेल, तिथे टिंबं देतात. वाचणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी होतं. रिकामी जागा बुजवून वाक्य सलग करणं ही खोट मानली जाते.

मला वाटतं, निवडणाऱ्याचा धर्म एवढाच असावा. सगळं ठेवता येत नाही, सगळं द्यायचंही नसतं. गाळायचा अधिकार त्याला आहे. आपण गाळलं हे लपवायचा मात्र नाही.

दुसरी एक जबाबदारी नावाची. गी पोइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. आमच्या फाइलीत फक्त "माय" होती. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. गंमत म्हणजे साफ प्रतीतही ती आहेच. आमचं जातं जड होतं, त्याचा खुंटा दोघी मिळून धरायच्या. गप्प बसल्यावरही वीस मिनिटं तिचा हात फिरतच होता, त्याशिवाय ती घरघर आलीच नसती. मी मूळ फाइलीच्या नावात दोघींची नावं घातली, गाव घातलं, 1991 घातलं, आणि ती सगळ्यात शेवटी कॉपी केली. म्हणजे आधीची दोनशे चाळीस गाणी झाल्यावरच ती वाजणार, किंवा पहिल्या गाण्यावर असताना मागचं बटण दाबलं तर लगेच.

धुळ्याला गेल्यावर आत्याला सरळ सांगितलं की शेवटी मायच्या ओव्या आहेत, पूर्ण आहेत, त्यात अण्णा तुला काहीतरी बोललेत. ऐकायचं नसेल तर काढून टाकते. ती म्हणाली, "लाव."

ती ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती. पहिली नऊ मिनिटं तिने हातही थांबवला नाही. ते वाक्य आलं. तिने मान वर केली, स्पीकरकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ तसाच व्हता." एवढंच. मग पुन्हा मेथी. ती रागावली, की दुखावली, की तिला फक्त भावाचा आवाज ऐकून बरं वाटलं, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. ओव्या संपल्यावर तिने विचारलं, "मी एवढी चांगली गायची का गं?"

संध्याकाळी शेजारचा मुलगा आला आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये गाणी घेऊ लागला. मी जरा चपापले. घरातलं बोलणं परक्या मोबाइलमध्ये जाणार. आत्या मात्र त्याला सांगत होती, "ते जुनं जुनं तुला नको, पण शेवटचं घे. त्यात मी आहे." आता निवड तिच्या हातात होती.

निघताना ती दारात म्हणाली, "सगळी चांगली आहेत. पण ते लग्नातलं नाही टाकलंस. भाऊने आणलं होतं बघ, अहिराणीतलं, ढोल वाजतो जोरात. मला आवडतं ते."

मला ते गाणं ठाऊक होतं. दुकानातून भरून आणलेल्या कार्डावरचं ते एक. मी म्हटलं, ते विकत घेतलेलं नव्हतं म्हणून सोडलं. उत्तर खोटं नव्हतं. पण एसटी पारोळ्यापर्यंत येईतो मला ते टोचत राहिलं. विकत घेतलेलं असतं तरी मी ते घेतलं नसतं. मला ते गाणं हलकं वाटतं, "चांगली चांगली"मध्ये बसणारं वाटत नाही. नियम केल्यावर मला बरं वाटलं होतं ते यासाठी. माझी नावड त्याच्याआड झाकली गेली होती.

अण्णांनीही कदाचित असंच केलं असेल. मायचा आवाज नीट यावा, हे कारण खरंच होतं.

एरंडोल गेल्यावर आत्याला फोन लावला आणि खरं कारण सांगितलं. ती हसली. म्हणाली, "तुला नको तर तू नको ऐकू. मला आणून दे." ते गाणं रीतसर विकत मिळतं का, ते आता शोधतेय.