संख्याशास्त्राचा प्रमुख निवडताना

महाडहून रायगडाकडे जाताना नाते हे गाव लागते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म याच गावी १४ जानेवारी १८९६ रोजी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री ही त्यांची ओळख सर्वांना असते. ते १९४५ ते १९६४ या काळात भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्ष होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच कानी पडतो. ते गव्हर्नर असतानाच, १९४५ मध्ये, रिझर्व्ह बँकेत संशोधन आणि सांख्यिकी विभाग उभा राहिला. राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झाली, तेव्हा अर्थखाते त्यांच्याकडे होते. १९५६ पासून पाच वर्षे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

देशमुख स्वतः संख्याशास्त्रज्ञ नव्हते. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञान घेतले, वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले आणि मग सनदी सेवेत गेले. तरीही आकड्यांचे शास्त्र योग्य माणसाच्या हाती असावे आणि त्या माणसाला काम करायला मोकळीक मिळावी, हे त्यांनी ओळखले होते. भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांच्यासारखा विद्वान आणि देशमुखांसारखा पाठीराखा यांची गाठ पडली, हे त्या पिढीचे भाग्य म्हणावे लागेल.

आज एखाद्या विद्यापीठाला संख्याशास्त्र विभागासाठी प्राध्यापक नेमायचा असेल तर काय होते? आधी पद मंजूर व्हावे लागते, मग आरक्षणाची बिंदुनामावली तपासली जाते, मग जाहिरात निघते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार उमेदवाराकडे पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध आणि किमान १२० संशोधन गुण लागतात. विज्ञानशाखेत एका निबंधाला आठ गुण, आणि लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्याचे सत्तर टक्के. उमेदवार फायलींचा गठ्ठा घेऊन येतो, छाननी समिती बेरीज करते आणि कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालील निवड समिती मुलाखत घेते. प्रमुखपद पुढे बहुतेक ठिकाणी ज्येष्ठतेने आणि पाळीपाळीने फिरते.

गुणांची ही बेरीज मला निरुपयोगी वाटत नाही. वशिल्याला ती थोडा तरी अडसर घालते. पण माणसाने किती लिहिले एवढेच तिच्यातून कळते. विभागाला तो कोणत्या कामाला लावील, हे त्या तक्त्यात कुठेच उमटत नाही. आणि ज्या शास्त्राचा मूळ प्रश्नच मुळी ‘हा आकडा नेमके काय मोजतो?’ हा आहे, त्या शास्त्राचा प्रमुख निवडताना तरी तो प्रश्न विचारला जायला हवा.

पुणे विद्यापीठात १९५३ साली हा विभाग सुरू झाला, तेव्हा प्रमुखपद वसंत शंकर हुजूरबाजार यांच्याकडे आले. ते कोल्हापूरचे. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीजसारख्या गुरूकडे त्यांनी पीएच.डी. केली होती, आणि वय होते अवघे चौतिशीच्या आसपास. ते १९७६ पर्यंत प्रमुख राहिले. इतक्या वर्षांत माणूस विभागाला वळण लावू शकतो, विद्यार्थ्यांची एक पिढी शिकवून पुढची पिढी तिच्या हाती सोपवू शकतो. तीन वर्षांच्या पाळीत हे होत नाही. पहिले वर्ष फायली समजून घेण्यात जाते आणि शेवटचे वर्ष पुढच्याला सोपवण्यात. आजीवन सत्ता मलाही नको आहे, पण विभागाला निदान सात-आठ वर्षे एक दिशा मिळावी, असे मला मनापासून वाटते.

विभागाचा प्रमुख कोण होतो, याची काळजी महाड-पोलादपूरच्या माणसाने का करावी? कारण या दोन तालुक्यांचा जीव आकड्यांवर टांगलेला आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडले गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्याच दिवसांत महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. महाडची सावित्री नदी ज्या डोंगरातून उगम पावते त्या महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हापासून महाडात वाद चालू आहे. कुणी म्हणते नदीत गाळ साचलाय, तो काढा. कुणी रेल्वेच्या भरावाकडे बोट दाखवते, तर कुणी खाडीच्या भरतीकडे. शिवाय ‘असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा’ हे पालुपद असतेच.

त्या पालुपदाचा अर्थ तरी नीट सांगायला हवा. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षे त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला अशा पावसाला निदान एकदा तोंड द्यावे लागण्याची शक्यता सव्वीस टक्के होते, म्हणजे चारांत एकाहून किंचित जास्त. तीही हवामान बदलत नाही असे धरून. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येते, पण गावसभेत ते मांडायला कुणी यायला तर हवे.

गाळाच्या वादालाही जुना दाखला आहे. १९२६ साली ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र गाळाने उंचावले आहे, तेव्हा बंधारे वाढवा, असे अभियंत्यांचे म्हणणे पडले. महालनोबिसांनी अनेक वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासल्या आणि पात्र उंचावल्याचा पुरावा नाही असे दाखवून दिले. सावित्रीबाबत उत्तर तसेच येईल असे नाही. गाळ हेच मुख्य कारण ठरेल, किंवा पाऊस, भरती आणि भराव यांचा वाटा वेगवेगळा काढावा लागेल. पण तो वाटा काढणे हे संख्याशास्त्राचेच काम आहे.

आणि ते करायला पावसाची वही पाहिलेली असावी लागते. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला होते. २२ तारखेच्या संध्याकाळी कोसळू लागलेला पाऊस वहीत २३ तारखेच्या नावावर चढतो. दरड रात्री कोसळली की पाऊस ‘नंतर’ पडल्यासारखा दिसतो. खाली पोलादपूरला ठेवलेला मापक वरच्या कड्यावरचा पाऊस सांगत नाही. मोठ्या पुरात मापकच वाहून गेला तर नेमका सर्वांत मोठा आकडा नोंदीतून गळतो, आणि उरलेल्या आकड्यांची सरासरी दिलासादायक दिसू लागते. फिशर आणि टिपेट यांनी १९२८ मध्ये टोकाच्या मूल्यांचे जे गणित मांडले, ते कितीही सुंदर असले तरी अशा वहीवर लावण्यापूर्वी वही दुरुस्त करावी लागते.

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो, आणि तिथला संख्याशास्त्र विभाग १९४८ पासूनचा. पोलादपूरच्या मुलाने पदवीनंतर हे शास्त्र शिकायचे तर वाट तिकडेच जाते. शिकलेले हुशार विद्यार्थी बँका, औषधकंपन्या, संगणक-कंपन्या घेऊन जातात. त्यांना दोष देता येणार नाही, कारण विद्यापीठे वर्षानुवर्षे पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे राबवतात. या विलंबाचे खापर कुणी आरक्षणावर फोडतात, ते मला मान्य नाही. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी माणसांना लढावे लागले, तिथल्या लेखकाने तर ते मुळीच मानू नये. बिंदुनामावली एकदा नीट करून वेळेवर जाहिरात काढली तर जागा भरते. जागा रिकामी राहिली की ज्यांच्यासाठी ती राखीव आहे त्यांचेच नुकसान सर्वांत आधी होते.

म्हणून निवड समितीने गुणांची बेरीज जरूर करावी, पण उमेदवाराला मुलाखतीच्या आठवडाभर आधी एका तालुक्याची पावसाची कच्ची नोंद पाठवावी: खाडाखोडीची, मधले दिवस गळालेली. विद्यार्थ्यांसमोर खुले व्याख्यान ठेवावे, मराठीत किंवा त्याला येईल त्या भाषेत. या नोंदीतून काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही, आणि पुढच्या पावसाळ्याआधी आणखी काय मोजायला हवे, एवढेच त्याने सांगावे. मागच्या बाकांवर महाड-पोलादपूरचे दोन-चार सरपंचही बसवावेत, आणि प्रश्न विचारायची पहिली संधी त्यांना द्यावी.