परक्याचा वाटा

येडगावात एक मुलगा राहत होता. बोधकथेत माणसाला नाव नसलं तरी चालतं, म्हणून ह्यालाही ठेवत नाही. आयटीआय झाल्यावर तो चाकणच्या एमआयडीसीत लागला, तिथंच तिघांत एक खोली घेऊन राहू लागला. पगार साठवला आणि बाविसाव्या वर्षी गाडी घेतली. नवी नव्हे, भोसरीच्या एका गृहस्थाची आठ वर्षं वापरलेली, बाराशे सीसीची. घरात ट्रॅक्टर होता, दुचाक्या होत्या, चारचाकी पहिलीच.

गाडी बघायला गेला तेव्हा त्यानं काही सोडलं नाही. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, टायरची नक्षी बोटानं चाचपली, सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या, एसी लावून दहा मिनिटं बसून राहिला. विम्याचं मात्र एवढंच विचारलं, "आहे ना?" विकणारा म्हणाला, "फुल इन्शुरन्स आहे, अजून सात महिने बाकी." मोबाइलवर पॉलिसी दाखवली. मुलानं संपायची तारीख वाचली. वर छापलेलं नाव वाचलं नाही.

फॉर्म २९ आणि ३० भरले गेले, आरटीओतून आरसी त्याच्या नावाची आली. शनिवारी गाडी ओझरला नेली, विघ्नहरापुढे नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. मग पेढे वाटत वाटत नारायणगावात मामाकडे गेला. हा आईचा चुलतभाऊ, विम्याची कामं करणारा. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पॉलिसी नावावर केलीस का?"

"गाडी झालीय की नावावर."

"ती आरटीओत झाली. मी कंपनीचं विचारतोय. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. आधीच्या मालकानं बरीच वर्षं क्लेम घेतलेला नसणार, त्याची सूट त्याला मिळालेली आहे. ती सूट माणसाची असते, गाडीबरोबर येत नाही. राहिलेल्या महिन्यांचा तो फरक तुला भरावा लागेल, आणि वर थोडी फी."

मुलानं मनात आकडा मांडला. अडीच-तीन हजार जाणार होते. त्याच आठवड्यात सीट कव्हर आणि मागचे स्पीकर बसवायचे होते. "बघतो मामा," म्हणाला आणि वाटेत मित्राला सांगितलं, "त्याचं कमिशन असेल ह्यात." घरातलाच माणूस विमा विकत असला की त्याचा खरा सल्लाही विक्रीचा वाटतो. मामानंही दुसऱ्यांदा आठवण केली नाही; मागे लागलो तर भाचा काय म्हणेल, ही त्याची अडचण.

चौदा दिवस गेले. स्पीकर छान वाजत होते.

जूनअखेरची गोष्ट. सोमवारची पहिली पाळी गाठायची म्हणून मुलगा पहाटे येडगावातून निघाला. भुरभुर पाऊस होता. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम भरात होता, आणि त्या दिवसांत इकडचे रस्ते पहाटेच जागे होतात. पिकअप, टेम्पो, दुचाकीच्या मागे क्रेट बांधलेले शेतकरी, सगळ्यांची तोंडं बाजाराकडे. शेताच्या वाटेवरून असाच एक शेतकरी रस्त्यावर चढला. मुलाला तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक लागला, गाडी ओल्या रस्त्यावर घसरत गेली आणि दुचाकीवर आदळली.

माणूस बाजूला पडला, पायाचं हाड मोडलं. टोमॅटो रस्ताभर झाले. गाडीचा बंपर, रेडिएटर, एक दिवा आणि बॉनेट गेलं.

पळून जाण्याचा विचार मुलाच्या मनात आला नसेल असं नाही. पण तो थांबला. १०८ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या माणसाच्या डोक्यावर स्वतःचं जर्किन धरून बसला, नंतर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. वाहन चालवणाऱ्यावर कायद्यानं एवढं बंधन आहेच: जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. पहिल्या दोन गोष्टी त्यानं केल्या आणि तिसरीसाठी पॉलिसीवरचा नंबर लावला.

"विमेदाराचं नाव?" पलीकडून विचारलं गेलं.

मुलानं स्वतःचं सांगितलं.

"सर, हे नाव आमच्याकडे नाही."

पुढचं लांबण लावत नाही. सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला. गॅरेजनं पंच्याऐंशी हजारांचा अंदाज दिला. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. त्याचा अर्थ असा, की पॉलिसी ज्यांच्या नावे आहे त्यांची आता गाडी नाही आणि ज्यांची गाडी आहे त्यांचा आमच्याशी करार नाही, सबब गाडीच्या नुकसानीचा दावा देता येत नाही. पत्र कठोर वाटलं तरी चुकीचं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं ही गोष्ट नव्वदच्या दशकातच स्पष्ट केलेली आहे.

मुलाला खरा धक्का पुढेच बसला. त्या शेतकऱ्यानं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला, आणि तिथं त्याच कंपनीचा वकील हजर झाला. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, दुचाकीची दुरुस्ती, हे सगळं कंपनीनं द्यायचं, असं ठरत आलं. पॉलिसी तीच, कागद तोच, आणि वरचं नावही तेच, भोसरीच्या गृहस्थाचं.

त्या रविवारी मामा येडगावला आला. ओसरीवर आजोबा बसले होते, त्यांना सगळे आबा म्हणतात. मुलगा तावातावानं बोलू लागला. "हा कुठला न्याय? गाडी माझी. एक पैसा भरला नाही त्याला मिळणार, आणि मला पत्र!"

"पैसा तरी तू कुठं भरलास?" मामा म्हणाला. "तो भोसरीवाल्यानं भरला होता." मग पॉलिसी मोठ्या अक्षरात करून त्यानं मोबाइल भाच्यापुढे धरला. "ह्या एका कागदात दोन विमे आहेत. तू ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतोस ते ह्या दोघांचं मिळून नाव. एक विमा तुझ्या गाडीचा. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली, पुरात गेली, तर तुला पैसे. तो घ्यायचा की नाही ही तुझी मर्जी, कायद्याची सक्ती नाही. दुसरा थर्ड पार्टी. तुझ्या गाडीनं ज्याचं नुकसान होईल त्याला पैसे. त्याची सक्ती आहे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात. त्याचा दरही कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. तुझ्या गाडीला जून २०२२ च्या दरानं वर्षाला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. आणि त्याच कायद्यात १५७ वं कलम आहे. गाडी विकली, तर हा दुसरा विमा आपोआप नव्या मालकाबरोबर जातो. चौदा दिवस झाले काय, न झाले काय. पहिला नाही जात. तो मालक आणि कंपनी ह्या दोघांतला करार. ज्यानं केला त्याच्यापुरता."

"म्हणजे माझं गेलं आणि त्याचं राहिलं."

"त्याचं राहावं म्हणूनच तर कायदा केलाय."

आबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "आरं, आपल्या दारातलं धरण बघ. धरण येडगावचं, पाणी आडलं आपल्या खोऱ्यात. पण डाव्या कालव्याचं पाणी जातं कुठं? पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापत्तुर. ती माणसं तू कधी बघितली का? त्यांचा वाटा आधी लिहिलाय. आपल्या शिवारात मोटार टाकायची तर आपुन हातपाय हलवायचं, अर्ज करायचा, पाइपलाइन ओढायची. तसंच हाय हे. रस्त्याव गाडी काढली की परक्याचा वाटा आधी. तुझा वाटा तू मागितला तर. तू मागितलाच न्हाईस."

मुलगा गप्प झाला. पण आबांना स्वतःलाच एक शंका आली. "आन् इमाच नसता तर रं?"

"तर पहिल्यांदा पकडल्यावर दोन हजार दंड, दुसऱ्यांदा चार हजार, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद," मामा म्हणाला. "पोरं एवढाच हिशेब करतात. दोन हजार दंड परवडतो, असं म्हणतात. पण अपघात झाला तर न्यायाधिकरण जो आकडा लिहील तो सगळा मालकावर. कमावता माणूस गेला तर तो आकडा कुठल्या कुठं जातो. भरला नाही, तर न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला देतं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते."

आबांनी नातवाकडे पाहिलं. गेल्याच वर्षी वाटणीत त्यांनी सातबाऱ्यावर त्याचं नाव लावून घेतलं होतं.

"आणि विमा असूनही असं होऊ शकतं," मामानं पुढं सांगितलं. "लायसन्स संपलेलं असेल, किंवा घरची गाडी भाड्यानं मारलेली असेल, तर कोर्ट कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. परक्याला मिळतं ते मिळतंच. तुझ्या खिशातून जातं."

आई आतून चहा घेऊन आली होती, तिनं शेवटचं तेवढं ऐकलं. विचारलं, "आणि ह्याला काही झालं असतं तर?"

मामानं जरा थांबून सांगितलं. "मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा अपघाती विमा असतो, पंधरा लाखांचा. तोही त्या भोसरीवाल्याच्या नावाचा होता." आईनं कप खाली ठेवला. त्यावर कुणीच बोललं नाही.

गॅरेजचे पंच्याऐंशी हजार मुलानं पगारातून हप्त्याहप्त्यानं फेडले. जुनी पॉलिसी संपायच्या आधीच नवी स्वतःच्या नावानं घेतली आणि ती घेताना मामाला हैराण केलं. प्रत्येक ओळ वाचायची, प्रत्येक ओळीला का विचारायचं. गाडीची किंमत पॉलिसीत कमी धरली तर हप्ता थोडा उतरत होता. मामानं सांगितलं, गाडी चोरीला गेली की ह्याच आकड्याएवढे पैसे मिळतात, तेव्हा आठशे रुपयांसाठी आकडा पाडू नकोस. क्लेममध्ये पहिले हजार रुपये आपलेच जातात, हे कळलं. प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, काचेचे मात्र पूर्ण, हेही कळलं. म्हणजे नाव वेळेत बदललं असतं तरी बंपरचा अर्धा खर्च त्यालाच करावा लागला असता. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलं आणि इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, हे ऐकून त्यानं मागच्या पावसातला एक प्रसंग आठवला आणि मान डोलावली. विकत घ्यायच्या वाहनाची माहिती ज्या उत्साहानं आपण घेतो, त्याच्या दहाव्या हिश्शानं तरी विम्याची घ्यावी, असं मामा बरीच वर्षं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. ऐकणारा हा पहिला, आणि तोही पंच्याऐंशी हजार मोजून आलेला.

दावा शेवटी लोकअदालतीत तडजोडीनं मिटला. त्या दिवशी शेतकरी काठी टेकत आला होता. सह्या झाल्या, बाहेर चहाच्या टपरीवर दोघं एकत्र आले. शेतकऱ्यानं विचारलं, "तुझ्या गाडीचं मिळालं का काही?"

"नाही काका."

"आन् मला कसं मिळालं मग?"

मुलानं सांगितलं. दोन विमे, कलम, कालवा, सगळं आबांच्याच शब्दांत. शेतकरी चहा फुंकत ऐकत होता. मग त्यानं खिशातली प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी पडलेला कागद काढला आणि पुढे केला. "माझ्या गाडीचा बघ बरं. शोरूमवाल्यानं दिला तसाच हाय."

दुचाकी सप्टेंबर २०१८ नंतरची होती, त्यामुळे खरेदीच्या वेळीच थर्ड पार्टीची पाच वर्षं एकदम मिळालेली. मुलानं तारीख पाहिली. ती पाच वर्षं केव्हाच उलटून गेली होती.

"काका, हा संपलाय."

"कुणी इचारलं नाय आजवर."

"तुमच्या गाडीखाली उद्या कुणाचं पोर आलं तर?"

शेतकऱ्यानं आपल्या पायाकडे पाहिलं, मग कागदाकडे. "किती लागत्यात?"

"सव्वाशे सीसी ना? ७१४, आणि वर जीएसटी."

"वर्षाचं?"

"वर्षाचे."

"जुलै २०२३ ला एका क्रेटला ह्याच्या दुपटीच्या वर बाजार घेतलाय मी," शेतकरी म्हणाला. त्यानं चहाचे पैसे दोघांचे दिले आणि काठी उचलली. "तुझ्या मामाचं दुकान कुठंशी हाय म्हणालास?"