जीर्णोद्धार की नवी प्रतिष्ठा?

घरातली एखादी वस्तू जुनी झाली म्हणजे ती दुरुस्त करून वापरावी की टाकून नवी आणावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा दिसतो. आणि हिशेबाच्या प्रश्नास या मासिकात जागा कशाला, असे वाचक खचित विचारतील. आमचीही प्रथम तशीच समजूत होती. परंतु आमच्या मेजावरील जुन्या संगणकाने आम्हांस ज्या निरनिराळ्या विचारांत पाडले, त्यांपैकी अर्ध्याअधिक विचारांचा पैशाशी काही संबंध नाही असे आढळून आल्यावर ते वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहो.

हकीकत अशी. हे यंत्र आम्ही २०१६ साली घेतले. ते अजून चालते. मात्र सकाळी कळ दाबल्यापासून ते कामास लागेपर्यंत आमचा चहा होऊन कपबशी विसळली जाते. अशातच १४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस उगवला. (आम्हां नागपूरकरांस ही तारीख १९५६ पासून दीक्षाभूमीमुळे ठाऊक आहे, तिचा या क्षुल्लक प्रकरणाशी योग यावा हा निव्वळ योगायोग.) त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नेहमीचा आधार काढून घेतला. पुढचे ‘विंडोज ११’ आमच्या यंत्रावर नियमाप्रमाणे चढत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुतांशी आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा अशी त्याची अट, आणि आमचा पडला सहाव्या पिढीचा. म्हणजे यंत्र मेले नव्हते; त्याचे सुतक मात्र धरले गेले होते.

सीताबर्डीवरील एका तरुण कारागिरास आम्ही ते दाखविले. त्याने पेटी उघडली, आत साठलेली नऊ उन्हाळ्यांची धूळ उडविली आणि म्हणाला, “कायले नवा घेऊन राहिले, सर? ही फिरणारी डिस्क काढून एसएसडी टाकू, चारची मेमरी आठ करू. मग पाहा कसा पळते ते!” त्याचे म्हणणे शास्त्रास धरून होते. जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते आणि वाचणारा दांडा तिच्यावर इकडून तिकडे धावत असतो. नव्या प्रकारात फिरणारे काहीच नाही, म्हणून वाट पाहणेही नाही. यंत्राचा मंदपणा पुष्कळदा बुद्धीचा नसून या धावपळीचा असतो. इकडे पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला: “बाबा, जुन्या घरास नवे दार बसविण्याचा हा प्रकार आहे. नवा घ्या, पैसे मी पाठवतो.” दोघांचेही खरे होते, आणि दोन्ही बाजू खऱ्या असल्या म्हणजेच विचार करणे भाग पडते.

आरंभी आम्ही अर्थात काटकसरीच्या बाजूचे झालो. जुने वापरणारा मनुष्य स्वतःस फार लवकर साधू समजू लागतो. त्यात भर म्हणून आधारही सापडला. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४ साली प्रसिद्धीस आणलेल्या एका अभ्यासाप्रमाणे त्या काळचा एक संगणक, त्याच्या काचेच्या नळीच्या पडद्यासह, घडविण्यास सुमारे २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १५०० किलो पाणी खर्ची पडत असे. आजचे यंत्र पुष्कळ हलके आहे, हे खरे; तथापि संगणक वापरताना जी वीज जाते तीहून अधिक शक्ती तो घडवितानाच खर्च होते, हा त्या अभ्यासातला मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. दिवा विझवून वीज वाचविण्याची सवय असलेल्या आम्हां लोकांस हे सहसा सुचत नाही. आणि टाकलेले यंत्र तरी जाते कोठे? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत्-कचरा झाला आणि त्यातल्या एकचतुर्थांशाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू होऊन उत्पादकांवर जबाबदारी आली आहे; परंतु दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांतून तारा जाळून तांबे काढणारे हात नियमांपेक्षा जुने आहेत. आपल्या नव्या यंत्राच्या किमतीत त्या हातांची किंमत धरलेली नसते.

इतका युक्तिवाद आम्ही केला, आणि तेथेच थांबलो असतो तर सुखी झालो असतो. परंतु याच यंत्रावर आम्ही विद्यार्थ्यांचे गुण नोंदवितो व प्रश्नपत्रिका लिहितो. ज्या यंत्राची भोके बुजविणारा कोणी उरला नाही ते जाळ्यास जोडून ठेवणे म्हणजे रहदारीच्या वाटेवरील आपली विहीर कठड्यावाचून ठेवणे होय. आपण पडलो तर आपले कर्म. पण दुसरे कोणी पडेल त्याचे काय? साधेपणाच्या नावाखाली दुसऱ्याच्या वस्तूविषयी बेफिकीर राहण्याचा अधिकार कोणत्याही नीतिशास्त्राने दिलेला नाही. आमचे साधुत्व येथे पहिल्यांदा डळमळले.

मग तिसरा मार्ग सुचला: नवा घ्यावा, आणि जुना एखाद्या गरीब शाळेस दान द्यावा. हा मार्ग आम्ही पूर्वी एकदा चोखाळला होता, हे सांगण्यास संकोच वाटतो. एका खेड्यातील शाळेस आम्ही आमचा त्याआधीचा संगणक दिला. नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या. दोन वर्षांनी तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा तो कापडाखाली झाकलेला होता. महिनाभरातच बंद पडला होता व दुरुस्तीस शाळेजवळ पैसे नव्हते. शिक्षकांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. त्या रात्री परत येताना आम्हांस कठोपनिषदातील वाजश्रवस आठवला. सर्वस्व दान करावयास निघालेला हा गृहस्थ ज्या गाई देत होता त्यांचे पाणी पिऊन झालेले, गवत खाऊन झालेले आणि दूध देऊन झालेले होते. मुलाने, म्हणजे नचिकेत्याने, ते पाहिले आणि बापास विचारले, मला तुम्ही कोणास देणार? पुढच्या ब्रह्मविद्येपुढे या गाईंची आठवण कोणी ठेवीत नाही. आम्हांस मात्र अलीकडे ते उपनिषद गाईंपाशीच थांबल्यासारखे वाटते. आपल्यास नकोसे झालेले दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे आणि त्याचे पुण्य लावून घेणे, ही मनुष्याची फार जुनी खोड असली पाहिजे. जुने यंत्र द्यावयाचे असेल तर आधी ते आपल्या खर्चाने इतके नीट करावे की ते आपणच ठेवावे असा मोह व्हावा. आमच्या बाबतीत तसा मोह झाला, आणि प्रश्न पुन्हा पहिल्या जागी आला.

मोहाचे खरे कारण शोधू लागलो तेव्हा निराळीच गोष्ट बाहेर आली. गांधीजींच्या आखूड पेन्सिलीची हकीकत काका कालेलकरांनी सांगितली आहे. १९१५ च्या मुंबईच्या काँग्रेसच्या वेळी गांधीजी एक दोन इंचांहूनही तोकडी पेन्सिल व्याकुळ होऊन शोधीत होते. कालेलकरांनी स्वतःची देऊ केली ती घेईनात. ही हकीकत मुलांस काटकसरीचा धडा म्हणून सांगतात. पण ती काटकसर नव्हेच. मद्रासेस नटेसन यांच्या लहान मुलाने ती पेन्सिल मोठ्या प्रेमाने दिली होती, म्हणून ती हवी होती. आमचेही तसेच होते. फक्त ते प्रेम आम्ही काटकसरीच्या पांघरुणाखाली दडविले होते.

२००३ साली आमच्या आईने आम्हांस जात्यावरच्या ओव्या सांगितल्या आणि आम्ही त्या टंकित केल्या. तोपर्यंत युनिकोड जन्मून बारा वर्षे झाली होती. आमच्या मेजापर्यंत मात्र ते पोचले नव्हते. प्रत्येक मराठी अक्षरसंच आपापल्या संकेताने चाले. तो संच ज्या यंत्रावर नाही तेथे मजकूर उघडला की ओवीच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा कचरा दिसे. आमच्याकडील संचाची मूळ तबकडी हरवली. तो या एका यंत्रावर तेवढा उरला होता. म्हणजे आईच्या ओव्या जगात एकाच ठिकाणी वाचता येत होत्या, आणि यंत्राचा मंदपणा आम्ही इतका का सोसत होतो हे आम्हांस तेव्हा कळले.

कमलाकरभट्टांच्या ‘निर्णयसिंधू’त जीर्णोद्धाराचा विचार आहे. मूर्ती जीर्ण झाली तर तिच्यातील देवत्व विधिपूर्वक काढून घ्यावयाचे, आणि मग तो दगड पाण्यात सोडावयाचा, अशी आपल्याकडील रीत. दगडास मिठी मारून बसणे ही भक्ती नव्हे, हे आपल्या कर्मठ म्हटल्या जाणाऱ्या पूर्वजांस समजत होते. आम्हांस ते समजण्यास एक संगणक जुना व्हावा लागला.

तेव्हा आधी ओव्या काढून घेतल्या. जुना संकेत युनिकोडमध्ये फिरविणाऱ्या आज्ञावली मिळतात, पण त्यांवर सर्वस्वी विसंबता येत नाही. जुन्या संचात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात. म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार अक्षराच्या मागाहून. फिरविताना दोन्ही भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. आम्ही पडद्यावरील जुनी ओवी वाचीत होतो आणि सौभाग्यवती कागदावरची नवी तपासून पाहत होत्या. आठ संध्याकाळी त्यात गेल्या. चाल अडली की त्या ओवी गुणगुणून पाहत, आणि चूक बहुधा तेथेच सापडे.

त्यानंतर कारागिराचे ऐकले. एसएसडी बसविली, मेमरी वाढविली, विंडोज उतरवून विनामूल्य मिळणारे लिनक्स चढविले; त्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून नियमाने येतात. विद्यार्थ्यांचे गुण व प्रश्नपत्रिका यांचे काम आता महाविद्यालयातील यंत्रावरच करतो, घरी नाही. चिरंजीवांचे पैसे परत केले. ते थोडे रागावले आहेत.

एका ओवीतील एक शब्द मात्र अजून लागत नाही. २००३ साली टंकताना आमचे बोट चुकले, की तो आईच्या माहेरचा शब्द होता, हे सांगणारे आता कोणी नाही. जुनी डिस्क कारागिराने मोडीत घालावयास मागितली होती. ती आम्ही तूर्त दिलेली नाही.