शरणार्थी, घुसखोर, धरणग्रस्त

नागरिकत्व सुधारणा विधेयकावर डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत झालेल्या चर्चेचा निकाल मतदानापूर्वी शब्दांनीच लावला होता, असे म्हणण्यास जागा आहे. सीमा ओलांडण्याची कृती एकच; परंतु 'शरणार्थी' म्हटले की ती याचना ठरते, 'घुसखोर' म्हटले की अपराध. तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले सहा धर्मांचे लोक पहिल्या कोटीत गेले. इतरांच्या छळाची कहाणी या कायद्यापुरती ऐकण्यापूर्वीच अप्रस्तुत ठरली.

मराठीतील 'निर्वासित' हा शब्द वेगळा प्रश्न विचारतो. त्यात घालवून देणारा कर्ता अध्याहृत आहे. हा प्रश्न देशाच्या सीमेपाशीच उद्भवतो असेही नाही. मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील 'सार्वजनिक प्रयोजन' या पदात मुंबईची वीज बसली, मावळ्यांचे वसतिस्थान बसले नाही. पुढे अशांना 'धरणग्रस्त' हे नाव मिळाले; रोगग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीतले. त्यात कर्ताच लोपला.

घरात असून मावळा परका ठरला, याचा अर्थ आत आणि बाहेर ही रेषा केवळ भूगोलाची नाही. ती कायद्याच्या भाषेचीही आहे. प्रवेशावर मर्यादा घालण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार मान्य केला तरी एक दायित्व उरतेच: ज्याला नाकारायचे, त्याचे म्हणणे ऐकून नाकारावे. केवळ वर्गनामाने नाकारणे म्हणजे साक्ष न घेता दिलेला निवाडा होय.