भिंतीकडे तोंड केलेले चित्र

स्वतःच्या हातची कृती डोळ्यांना इतकी सवयीची होते, की तिच्यातील उणीव दिसेनाशी होते. म्हणूनच चित्र दुरून पाहावे, आरशात न्याहाळावे, असे लिओनार्दो दा विंचीने सुचविले. उलटे प्रतिबिंब परक्याच्या हातचे वाटते.

व्हेनिसचा तिशियन अपुरी चित्रे भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने ठेवी आणि मग जणू हाडवैरी समजून ती तपासून पाही, असे बोस्कीनीने १६७४ साली नोंदवले आहे. परंतु दोष सापडताच तो रोग्यावर उपचार करणाऱ्या शल्यवैद्यासारखा कामाला लागे.

नजर वैऱ्याची, हात मात्र वैद्याचा! आत्मपरीक्षणही असेच असावे. दोष दाखवून थांबणारी कठोरता कोणालाच, अगदी स्वतःलाही, बरे करीत नाही.