कच्चे, शिजलेले आणि शुद्ध



अलीकडे कुटुंबभेटीला गेलो की एक प्रश्न वारंवार कानी पडतो. "फादर, शिजवलेले खाणे बंद करून सगळे कच्चेच खाल्ले तर अंगात शक्ती वाढते म्हणतात. खरे का?" कोणी सकाळी उठून दुधीचा रस घेतो, कोणी मोडाची मटकी आणि गाजर-बीट यांवर दिवस काढतो, तर कोणी एखाद्या शिबिराला जाऊन आल्यापासून भाताकडे पाहतही नाही. हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, धर्मगुरूंनी त्यात कशाला पडावे, असे आपल्याला वाटेल. पण संभाषण थोडे पुढे सरकले की शब्द बदलू लागतात. 'जीवनसत्त्वे', 'पचन' हे शब्द मागे पडतात आणि 'शुद्ध', 'जिवंत', 'मेलेले अन्न', 'विष' असे शब्द पुढे येतात. हे शब्द आहारशास्त्राचे नव्हेत. ते नीतीचे आणि श्रद्धेचे शब्द आहेत. म्हणूनच त्यांचा विचार या पत्रकात व्हायला हवा.

आधी कच्च्या अन्नाचे जे देणे आहे ते प्रामाणिकपणे देऊ या. फळे व भाज्या आपण कमी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात. आपल्यापैकी किती जणांच्या पोटात एवढे जाते? भाजी फार उकळली की तिच्यातले 'क' जीवनसत्त्व बऱ्याच अंशी नाहीसे होते, हेही खरे आहे. वडापाव, फरसाण, बिस्किटे आणि शीतपेये सोडून जो काकडी, पेरू आणि मोडाची कडधान्ये खाऊ लागतो त्याला महिन्याभरात हलके वाटते, यात नवल नाही. मात्र त्याने काय खाल्ले यापेक्षा त्याने काय सोडले याचा वाटा त्यात मोठा असतो.

आता दाव्याकडे वळू. असे सांगितले जाते की अन्न ४८ अंशांच्या वर तापवले की त्यातली एन्झाइम्स म्हणजे पाचक द्रव्ये मरतात. कच्चे अन्न जिवंत असते आणि ते आपल्याला आपले जीवन देते. पहिला भाग खरा आहे. उष्णतेने एन्झाइम्स निकामी होतात. पण एन्झाइम्स ही प्रथिने आहेत. कच्च्या गाजरातली एन्झाइम्स आपल्या जठरातल्या आम्लात पोहोचली की बहुतेक तिथेच मोडतात आणि इतर प्रथिनांसारखी पचतात. आपले अन्न पचवण्यासाठी लागणारी द्रव्ये आपले शरीर स्वतः तयार करते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा आत्म्यावरील ग्रंथ वाचावा लागतो. त्यात पोषणाविषयी एक साधा पण खोल विचार आहे. अन्न पोटात जाण्यापूर्वी शरीराहून वेगळे असते. पचल्यावर ते शरीरासारखे होते. म्हणजे बदल अन्नात होतो, खाणाऱ्यात नव्हे. गाजराचा जीव माझ्यात उतरत नाही. माझा जीव गाजराला आपलेसे करून घेतो. जो जिवंत आहे तोच अन्नाला जीवनात ओढतो. तेव्हा 'जिवंत अन्न' हा शब्द ऐकायला गोड असला तरी विचाराच्या कसोटीवर तो टिकत नाही.

शक्तीचे म्हणाल तर गणित उलटेच आहे. शिजवल्याने धान्यातला पिष्टमय भाग फुगतो, मऊ होतो आणि सहज पचतो. १९९८ साली बेल्जियममधील संशोधकांनी एका लहानशा अभ्यासात असे पाहिले की शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, तर कच्च्या अंड्यातील जेमतेम ५१ टक्के. रिचर्ड रँगहॅम या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असा विचार मांडला की विस्तवावर शिजवणे हेच माणूस माणूस होण्याचे एक मोठे कारण आहे. चघळण्यात आणि पचवण्यात जाणारा वेळ व शक्ती वाचली आणि मोठ्या मेंदूला ती मिळाली. हे नेमके कधी घडले यावर विद्वानांत वाद आहेत. पण शिजवलेल्या अन्नातून शरीराला अधिक ऊर्जा मिळते, यावर फारसा वाद नाही.

जर्मनीतील गीसेन विद्यापीठाने दीर्घकाळ मुख्यतः कच्चे खाणाऱ्यांचा अभ्यास केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झालेली किंवा पूर्ण थांबलेली आढळली. २००५ सालच्या दुसऱ्या अहवालात अनेकांमध्ये 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता दिसली. रक्तातील काही चरबीचे प्रमाण चांगले होते, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे लाभ आहे, पण किंमतही आहे. घरातली लग्नाच्या वयाची मुलगी 'शुद्धी'च्या नावाखाली वाळत चालली असेल तर आईवडिलांनी तिचे कौतुक करत बसू नये.

यावर उत्तर येते, "पण फादर, कच्चे हे नैसर्गिक ना? देवाने जसे दिले तसे!" इथे आपण थोडे थांबू या. आपल्या वाडीतला अळूच घ्या. देवानेच दिलेला आहे; पण कच्चा खाऊन पाहा! 'खाई त्याला खवखवे' ही म्हण उगाच पडलेली नाही. सुरणाचेही तेच. चिंच-आमसूल घालून, नीट शिजवूनच आपल्या आज्या ते पानात वाढत आल्या. कच्च्या राजम्यात असे द्रव्य असते की थोडे दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि ते नुसते भिजवून जात नाही, चांगले उकळावे लागते. दुधीचा रस तर आज घरोघरी गेला आहे. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला लक्षात ठेवण्याजोगा आहे: रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास तो दुधी फेकून द्यावा, दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नये, कारण कडूपणा झाकला जातो, आणि पिऊन मळमळ, उलटी झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाज्या न धुता कच्च्या खाल्ल्याने पोटात जंत होतात, आणि एका प्रकारच्या जंताची अंडी तर मेंदूपर्यंत त्रास पोहोचवतात. ज्याने कधी मांसाला स्पर्श केला नाही अशालाही तो आजार होऊ शकतो.

तेव्हा 'नैसर्गिक' आणि 'चांगले' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. सृष्टी चांगली आहे, ही आपली श्रद्धा आहे. पण देवाने ती माणसाच्या हाती सोपवली ती हात लावू नये म्हणून नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात धान्य आणि फळे माणसाला अन्न म्हणून दिली आहेत. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते तेवढेच वाचून थांबतात. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात ओलांडणाच्या कोकराविषयी स्पष्ट आज्ञा आहे की ते कच्चे खाऊ नये, विस्तवावर भाजून खावे. आणि दर रविवारी आपल्या वेदीवर काय येते? गव्हाची ओंबी नव्हे, भाकर. द्राक्षांचा घड नव्हे, द्राक्षारस. दळणाऱ्याचे, मळणाऱ्याचे, भाजणाऱ्याचे श्रम मिसळल्यावरच ते दान म्हणून स्वीकारले जाते. माणसाचे हात लागले म्हणून अन्न भ्रष्ट होत असते तर ख्रिस्ताने भाकर निवडली नसती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तिबेरियाच्या किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून शिष्यांसाठी मासळी भाजतो. मृत्यूवर विजय मिळवलेल्याने आपल्या थकलेल्या मित्रांसाठी केलेले ते काम आहे.

खरा नैतिक प्रश्न मात्र पुढेच आहे. तो कच्च्याचा की शिजलेल्याचा नाही. माणसाच्या मनात अन्नाचे स्थान काय, हा तो प्रश्न आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२८८व्या परिच्छेदात जीवन आणि आरोग्य ही देवाची मौल्यवान देणगी आहे, तिची वाजवी काळजी घेणे आपले कर्तव्य आहे, असे सांगितले आहे. लगेच पुढच्याच परिच्छेदात शरीराची पूजा मांडण्याविरुद्ध इशारा आहे. काळजी कुठे संपते आणि पूजा कुठे सुरू होते?

संत थॉमस अक्विनास यांनी, पोप संत ग्रेगरी यांच्या आधारे, खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, महागडे खाणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. आपल्याला वाटते खादाड म्हणजे ताटभर जेवणारा. पण जो दिवसभर आपल्या ताटाचाच विचार करतो, ज्याच्या बदामाला, बियांना आणि परदेशी फळांना घरखर्चातला मोठा भाग लागतो, तो चार घास कमी खात असला तरी त्या यादीबाहेर नाही. पोट रिकामे असूनही मन अन्नानेच भरलेले असू शकते.

आणखी एक गोष्ट मला घराघरांत दिसते. पथ्य एकाचे आणि राबणूक दुसऱ्याची. यजमान कच्चे खातात, पण भिजवणे, मोड आणणे, किसणे, रस काढणे हे सारे घरच्या बाईनेच करायचे, आणि वर मुलांसाठी भात-कालवण वेगळे. ज्या पथ्यासाठी दुसऱ्याने पहाटे तास-दीड तास आधी उठावे लागते त्याला संयम म्हणणे कठीण आहे. आपले गाजर आपण किसावे, ही या विषयातली पहिली नीती.

दुसरी नीती पंगतीची. रोम येथील ख्रिस्ती समाजात काही जण फक्त भाजीपाला खात, काही सगळे खात. संत पौल आपल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात दोघांनाही समजावतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. म्हाताऱ्या आईने लेकासाठी रांधलेले कालवण "हे मेलेले अन्न" म्हणून दूर सारणे, हा अन्नाचा नव्हे, आईचा अव्हेर आहे. माणसाला अशुद्ध करते ते त्याच्या अंतःकरणातून निघते, ही प्रभूची शिकवण इथेच लागू पडते.

तिसरी नीती औषधाची, आणि इथे मला जरा कठोर बोलू द्या. मधुमेह, रक्तदाब किंवा कर्करोग असलेल्या माणसाला "औषधे सोड, कच्चे खा" असे सांगणे हे मोठे पाप ठरू शकते, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. केमोथेरपी चालू असताना तर कच्च्या अन्नातले जंतू धोक्याचे असतात. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्या बाबतीतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग नको. बेन सिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखायला आणि जमिनीतून उपजणाऱ्या औषधांचा तिरस्कार न करायला सांगितले आहे.

महात्मा गांधींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर दोनदा केला: प्रथम १८९३ साली प्रिटोरियात आणि पुन्हा १९२९ साली. दोन्ही वेळा शरीराने साथ दिली नाही आणि त्यांनी तो थांबवला. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही, लिहून प्रसिद्ध केली. प्रयोग करणाऱ्याकडे हा सरळपणा हवा. तो नसेल तर प्रयोगाचा पंथ व्हायला वेळ लागत नाही.

मग करावे काय? सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जे नियम घालून दिले त्यांतला ३९वा अध्याय जेवणाविषयी आहे. रोज दोन शिजवलेले पदार्थ असावेत, म्हणजे एक न चालणाऱ्याला दुसरा खाता येईल. आणि फळे किंवा कोवळ्या भाज्या मिळाल्या तर तिसरा पदार्थ म्हणून त्या द्याव्यात. किती समंजस रचना! आपल्या ताटाची जुनी रीत याहून वेगळी नाही. मधे भात, उजवीकडे भाजी, डावीकडे कोशिंबीर आणि लिंबाची फोड. फक्त ती कोशिंबीर आज चमचाभर उरली आहे. ती वाटीभर करा. कच्च्या भाज्या वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. वाडीतली केळी, पेरू, जांभळे मुलांच्या हाती बिस्किटाऐवजी द्या. आणि 'अति तेथे माती' ही म्हण दोन्ही बाजूंना लागू आहे, हे विसरू नका.

शेवटी एक विचार. आपण जे खातो ते आपल्यासारखे होते, असे वर म्हटले. याला एकच अपवाद आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की एक अन्न असे आहे, जे आपल्यात बदलत नाही. आपणच त्याच्यात बदलत जातो. आज मिस्सामध्ये आपण ते स्वीकारले. घरी गेल्यावर आपल्या पानात जे काही वाढलेले असेल, कच्चे अथवा शिजलेले, ते कृतज्ञतेने खाऊ या, आणि वाढणाऱ्या हातांचे आभार मानायला विसरू नये.

आपल्या सेवेत,
आपला धर्मगुरू